वाटाड्या आणि यजमान

उंच हिमशिखरावर चढूं पाहणारा परका मनुष्य आणि मोल घेऊन त्यास वर नेणारा डोंगरी मनुष्य, या दोघांमधील व्यवहार वरवर पाहतां अगदीं साधा दिसतो. एकानें पैसे द्यावे, दुसऱ्यानें वाट दाखवावी. परंतु या व्यवहाराचे जे कागद उपलब्ध आहेत ते लक्षपूर्वक वाचले असतां असें आढळून येतें कीं, पैशाचा आणि वाटेचा प्रश्न बराच लवकर सुटला. न सुटलेला प्रश्न निराळाच आहे. वर जाणें धोक्याचें आहे असें दिसूं लागल्यावर परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, यजमानाचा कीं वाटाड्याचा? प्रस्तुत लेखांत या एकाच प्रश्नाचा मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं आल्प्स पर्वतांतील शामोनीचें खोरें निवडिलें, याचें कारण वाटाड्यांची जगांतील सर्वांत जुनी संस्था तेथील आहे, आणि तिचे नियम लेखी आहेत.

परिभाषेविषयीं प्रथम थोडें लिहिणें अवश्य आहे. वाटाड्या म्हणजे नुसती वाट सांगणारा नव्हे. वाटेनें बरोबर चालणारा. मेघदूतांतील यक्ष रामगिरीपासून अलकेपर्यंतची सर्व वाट मेघास सांगतो, पण स्वतः जागचा हालत नाहीं. त्यास वाटाड्या म्हणतां यावयाचें नाहीं. संस्कृतांतील देशिक हा शब्द वाट दाखविणारा आणि गुरु अशा दोन्ही अर्थीं येतो. मजूर या अर्थीं मात्र तो येत नाहीं. वाटाड्यास मोल देणाऱ्याला आम्हीं यजमान म्हटलें आहे तें बुद्धिपुरःसर. क्रियेचें फळ कर्त्यासच मिळावयाचें असेल तर यज् धातूला आत्मनेपद, दुसऱ्यास मिळावयाचें असेल तर परस्मैपद, हा नियम ज्यांनीं शाळेंत घोकला असेल त्यांस तो आठवत असेलच. आहुती ऋत्विज टाकतात, धुरानें डोळे त्यांचेच चुरचुरतात. पण त्यांचें क्रियापद परस्मैपदी, कारण स्वर्ग मिळावयाचा तो यजमानाला, ऋत्विजांना दक्षिणा. पर्वतारोहणाचा इतिहास वाचतांना हा नियम आम्हांस वारंवार आठवला.

इ. स. १७६० मध्यें जिनीव्हाचा होरास बेनेदिक्त द सोस्यूर हा वीस वर्षांचा तरुण शास्त्रज्ञ शामोनीस आला. हें खोरें त्या वेळीं सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखालीं सावॉय प्रांतांत होतें. फ्रान्सकडे तें कायमचें आलें १८६० सालीं. खोऱ्याच्या डोक्यावर माँ ब्लाँ हें सुमारें ४,८०० मीटर उंचीचें शिखर असून त्यावर तोंपर्यंत कोणी गेलेलें नव्हतें. सोस्यूरनें जाहीर केलें कीं, या शिखराची वाट जो शोधून काढील त्यास आपण बक्षीस देऊं. आणि प्रयत्न निष्फळ झाला तरी त्यांत गेलेल्या दिवसांची मजुरी देऊं. या घोषणेचा पूर्वार्ध सर्वत्र सांगितला जातो, उत्तरार्धाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें खरें महत्त्व उत्तरार्धाचेंच आहे. अर्ध्या वाटेवरून परत आलेल्या मनुष्यालाही त्याच्या दिवसाचें मोल मिळेल, असें म्हणणारा यजमान वाटाड्याला परत फिरण्याची मोकळीक देत असतो. हा करार इतक्या आरंभीं झाला आणि पुढें विसरला गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील हकीकत वाचावी.

शिखर सर झालें तें २६ वर्षांनीं, ८ ऑगस्ट १७८६ रोजीं सायंकाळीं. वर पोहोंचलेले दोघे : शामोनीचा वैद्य मिशेल गाब्रिएल पाकार आणि स्फटिक शोधून विकणारा झाक बाल्मा. बक्षीस बाल्माला मिळालें. यांपैकीं कोण कोणाचा वाटाड्या, हा वाद पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला, आणि कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं तो मुद्दाम पाहावा अशा योग्यतेचा आहे. बूरी नांवाच्या जिनीव्हाच्या गृहस्थानें एक पत्र छापून सर्व श्रेय बाल्माला दिलें. हा बूरी स्वतः या शिखरावर जाण्याच्या खटपटींत अपेशी ठरलेला होता. त्यास उत्तर म्हणून पाकारनें १७८७ सालीं लोझानच्या एका पत्रांत बाल्माच्या सहीचें निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांत वाट काढण्यांत पाकारचा पुढाकार होता असें कबूल केलेलें आहे. बाल्मा मागाहून म्हणूं लागला कीं, आपण कोऱ्या कागदावर सही केली होती. १८३२ मध्यें अलेक्सांद्र द्यूमा हा कादंबरीकार शामोनीस आला. पाकार तेव्हां वारला होता, बाल्मा सत्तरीचा होता. त्यानें सांगितलेली गोष्ट द्यूमानें लिहिली, आणि कादंबरीकारानेंच लिहिल्यामुळें ती घरोघर गेली. तींत वैद्यबुवा बर्फांत बसकण मारून राहतात आणि बाल्मा त्यांस ओढीत वर नेतो.

या सर्वांत निःपक्षपाती असा एकच साक्षीदार आहे. त्या दिवशीं शामोनींत बॅरन फॉन गेर्सडोर्फ हा जर्मन प्रवासी दुर्बीण लावून बसला होता. दोघे कोणत्या वेळीं कोठें दिसले हें त्यानें टिपून ठेविलें, वाटेचें रेखाचित्रही काढिलें. हीं टिपणें प्रकाशांत येऊन त्यांचा विचार झाल्यावर, विशेषतः १९१३ सालचें द्यूबीचें पुस्तक व १९५७ सालचें ग्रॅहॅम ब्राउन आणि डी बीअर यांचें पुस्तक यांनंतर, पाकारला ओढून नेल्याची कथा टिकाव धरीत नाहीं. तरीही शामोनींत १८८७ सालीं उभारलेल्या पुतळ्यांत सोस्यूर आणि बाल्मा आहेत. पाकारचा पुतळा बसला तो १९८६ मध्यें, आरोहणास २०० वर्षें झालीं तेव्हां. (पाकारनें पुढें बाल्माच्या बहिणीशीं लग्न केलें, हें येथें सांगावयास हरकत नाहीं. घरांत हा विषय निघत असे किंवा नाहीं तें कागदांत कोठेंच नाहीं.)

आमच्या प्रश्नापुरतें यांतून इतकेंच घ्यावयाचें कीं, पहिल्याच आरोहणांत फळ कोणाचें हा तंटा उपस्थित झाला, आणि तो सहीच्या कागदावर व दुसऱ्यांच्या लेखणीवर लढला गेला. लगेच पुढच्या वर्षीं, ऑगस्ट १७८७ मध्यें, सोस्यूर स्वतः एक नोकर आणि १८ वाटाडे घेऊन वर गेला. येथपासून यजमान आणि वाटाडे हें नातें स्पष्ट झालें, धंदा सुरू झाला.

आतां १८२० चा प्रसंग. रशियाच्या राजसेवेंतील डॉक्टर हामेल हा शास्त्रज्ञ, ऑक्सफर्डचे डर्नफर्ड व हेंडर्सन हे दोघे इंग्रज आणि जिनीव्हाचा सेलिग असे यजमान वाटाड्यांसह निघाले. ग्रां म्यूले या खडकांवर त्यांस वादळानें गांठलें व तेथेंच अडकवून ठेविलें. वादळ उलगडल्यावर २० ऑगस्ट रोजीं वर जावें कीं खालीं उतरावें, हा प्रश्न पडला. सेलिगनें पुढें जाण्याचें नाकारिलें व तो तेथेंच राहिला, बाकीचे निघाले. माथ्याखालच्या उतारावर नवें बर्फ जुन्या बर्फावर नुसतें टेकून होतें. तें तुकडीच्या पावलांखालीं एकदम सुटलें आणि पुढें चालणारे वाटाडे त्याबरोबर खालच्या भेगेंत गेले. कांहीं निघाले, तिघे निघाले नाहींत : प्येर बाल्मा, प्येर कार्ये आणि ऑग्यूस्त तेराझ. यजमानांपैकीं कोणासही इजा झाली नाहीं.

वाटाड्यांची वर जाण्याची इच्छा होती काय? शामोनींत परंपरेनें चालत आलेली हकीकत अशी कीं, ते नाराज होते, आणि हामेलनें त्यांस भेकड म्हणून हिणविल्यावर ते उठले. यजमानांचे वृत्तांत असें म्हणत नाहींत. दोहोंपैकीं खरें कोणतें याचा निकाल आम्ही देत नाहीं. परंतु एक गोष्ट दृष्टिआड करतां येत नाहीं. ज्यांनीं लिहिलें ते सर्व यजमान होते, आणि ज्यांना वेगळें सांगावयाचें असतें त्यांतले तिघे भेगेच्या तळाशीं होते. शिवाय सेलिगचें उदाहरण बोलकें आहे. यजमानानें नको म्हटलें तर तो खडकावर बसून राहूं शकतो, त्यास कोणी भेकड म्हणत नाहीं. वाटाड्यानें नको म्हटलें तर त्याचा धंदा जातो.

त्या भेगेनें आपला कागद मात्र ४१ वर्षांनीं परत दिला. हिमनदी सावकाश कां होईना पण वाहते, हें जाणणाऱ्या फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञानें तिच्या गतीवरून अंदाज बांधला होता कीं, सुमारें ४० वर्षांनीं हे अवशेष खालच्या टोकाशीं येतील. त्याप्रमाणें १८६१ च्या ऑगस्टांत बॉसों हिमनदीच्या पायथ्याशीं हाडें, कपड्यांचे तुकडे व सामान बाहेर पडूं लागलें. १८२० च्या तुकडींतील कूते हा वाटाडा तेव्हां म्हाताऱ्या वयांत हयात होता. आपल्या जुन्या सोबत्यांचे अवशेष ओळखण्याचें काम त्याच्याकडे आलें.

या अपघाताच्या दुसऱ्याच वर्षीं, १८२१ मध्यें, शामोनीच्या वाटाड्यांची संस्था स्थापन झाली, आणि १८२३ मध्यें सार्डिनियाच्या सरकारनें तिच्या नियमांस मान्यता दिली. अपघातग्रस्तांसाठीं मदतनिधी ठेवणें हा तिचा एक हेतु होता. खोऱ्यांतील धंदा बाहेरच्यांच्या हातीं जाऊं नये हा दुसरा. कांहीं लेखक पहिल्याचें गौरवानें वर्णन करतात, कांहीं दुसऱ्यावर टीका करतात. आम्हांस दोन्ही हेतु एकाच वेळीं खरे वाटतात, कारण विधवेला निधींतून पैसे द्यावयाचे तर निधींत पैसे येत राहिले पाहिजेत. नियम मुख्यतः दोन. पहिला पाळीचा : यजमानानें आपल्या पसंतीचा वाटाड्या मागावयाचा नाहीं, ज्याची पाळी असेल तो घ्यावयाचा. दुसरा दराचा : प्रत्येक वाटेचें मोल ठरलेलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माँ ब्लाँसाठीं प्रत्येक यजमानामागें चार वाटाडे, आणि प्रत्येकीं १०० फ्रँक, असा प्रघात होता. आल्बर्ट स्मिथ हा इंग्रज विनोदी लेखक १८५१ मध्यें तीन सोबत्यांसह वर गेला तेव्हां १६ वाटाडे घ्यावे लागले. पुढें लंडनमध्यें त्या प्रवासाचे रंगीत देखाव्यांसह प्रयोग करून त्यानें तो खर्च किती पटींनीं भरून काढिला, हा विषय निराळा.

पाळीच्या नियमावर इंग्रज आरोहकांचा फार राग होता, आणि तो सर्वस्वी गैर नव्हता. पाळीनें निष्णात मनुष्यही येई आणि नवशिकाही येई. हडसन, केनेडी व त्यांचे सोबती १८५५ मध्यें दुसऱ्या बाजूनें, वाटाड्यांशिवाय, माँ ब्लाँवर गेले, त्यांत हा रागही होता. परंतु पाळीचा एक गुण टीकाकारांच्या ध्यानांत आलेला दिसत नाहीं. ज्याचें पुढचें काम यजमानाच्या मर्जीवर अवलंबून नाहीं, तो यजमानाला नाहीं म्हणूं शकतो. मात्र नियमांनीं दर बांधला, संख्या बांधली, पाळी बांधली. वाटाड्यानें नाहीं म्हटल्यास यजमानानें ऐकलेंच पाहिजे, हा रिवाज त्यांतून उभा राहिला नाहीं.

त्याचा परिणाम १८६५ मध्यें मॅटरहॉर्नवर दिसला. ती कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत लिहितों. व्हिंपर, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, हडसन आणि हॅडो हे चार यजमान. शामोनीचा मिशेल क्रोझ आणि झरमॅटचे टाउगवाल्डर बापलेक हे तीन वाटाडे. हॅडो १९ वर्षांचा, अशा पर्वताचा त्यास अनुभव नाहीं. तो योग्य आहे अशी ग्वाही हडसननें दिली, आणि व्हिंपरनें ती मानली; म्हणजे परीक्षक आणि परीक्षार्थी दोघेही यजमानच. १४ जुलै रोजीं शिखरावरून उतरतांना हॅडो घसरला व क्रोझवर आदळला. मागचे दोघे ओढले गेले. डग्लस आणि थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे गेले, तिघे राहिले. चौकशी झाली ती मुख्यतः दोराविषयीं. टाउगवाल्डर निर्दोष सुटला, पण संशयाचा डाग त्याच्या नांवास राहिला तो राहिलाच. हॅडोला या डोंगरावर आणण्याचें कोणीं ठरविलें, या प्रश्नावरून कोणाच्या नांवास डाग लागल्याचें दिसत नाहीं.

येथें साधनांविषयीं एक मुद्दा मांडावासा वाटतो. स्वित्झर्लंडांत वाटाड्याजवळ एक पुस्तक असे. सफर संपली कीं यजमानानें त्यांत आपला अभिप्राय लिहावयाचा. ग्रिंडेलवाल्डच्या ख्रिश्चन अल्मरचें १८५६ ते १८९४ पर्यंतचें असें पुस्तक १८९६ मध्यें हुबेहूब छापून प्रसिद्ध झालेलें आहे. तें पाहतां आमच्याकडील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तेथेंही यजमान स्वहस्तें लेख लिहून देतो, वही उपाध्यायाच्या घरीं राहते, आणि पुढचा यजमान यावा म्हणून ती उघडली जाते. नाशिक-त्र्यंबकच्या वह्यांतून आम्हीं वंशावळी काढिल्या, शकांचे मेळ घातले. पण त्या वह्यांतून खुद्द उपाध्यायाचें चरित्र लिहावयास कोणी बसला तर त्याच्या हातीं फार थोडें लागेल. वाटाड्याच्या पुस्तकाचें तेंच. त्यांतील शेरे बहुधा स्तुतीचे, आणि त्यास येत नसलेल्या भाषेंतही लिहिलेले. यजमानास तो कोणत्या दिवशीं नको म्हणाला, हें यजमान कशास लिहील?

हिमालयांत हा सर्व व्यवहार आयता गेला. १८८३ मध्यें ग्रॅहॅम हा इंग्रज तेथें केवळ शिखरें चढण्यासाठीं आला तो स्विस वाटाडे घेऊन. पुढें दार्जिलिंगच्या शेर्पांचें सामर्थ्य दिसूं लागलें, तथापि त्यांची गणना वाटाड्यांत न होतां हमालांत झाली. हा भेद नुसता नांवाचा नाहीं. वाटाड्याला निदान मत विचारीत, हमालाला तेंही नाहीं. ७ जून १९२२ रोजीं एव्हरेस्टच्या नॉर्थ कोलखालच्या उतारावर मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड हे १४ हमालांसह चढत असतां नवें बर्फ सुटलें आणि सात हमाल मेले. तिघे इंग्रज वांचले. १०२ वर्षांपूर्वींचा माँ ब्लाँवरचा प्रसंग जणूं शब्दशः पुन्हा घडला : तेंच नवें बर्फ, तीच घाई, आणि मरणारे त्याच बाजूचे. मॅलरीनें दोष स्वतःकडे घेतला, हें त्याच्या प्रामाणिकपणास शोभणारें आहे. १९२८ मध्यें हिमालयन क्लब स्थापन झाल्यावर दार्जिलिंगच्या शेर्पांची नोंद ठेवण्याचें काम त्यानें हातीं घेतलें. प्रत्येकास क्रमांक व पुस्तक मिळूं लागलें. म्हणजे अल्मरच्या पुस्तकाची पद्धत इकडे आली, गुणांसह आणि उणिवांसह. या क्लबचें मुख्य ठाणें आज मुंबईंत आहे, तेव्हां आमच्याकडील अभ्यासकांस त्याचा मागोवा घेणें अवघड नाहीं.

१९३९ सालचा केटूवरील प्रसंग तर या प्रश्नाचें टोंक आहे. डडली वुल्फ हा अमेरिकन यजमान वरच्या तळावर एकटा राहिला होता. २९ जुलै रोजीं पासांग किकुली, पासांग कितार आणि फिन्सू हे त्यास आणावयास पोहोंचले. त्यानें त्या दिवशीं उतरण्याचें नाकारून त्यांस पुन्हा यावयास सांगितलें. ३१ जुलै रोजीं ते तिघे पुन्हा वर गेले. चौघांपैकीं कोणी जिवंत परत आला नाहीं. येथें वाटाड्यांनीं परत फिरण्याचा निर्णय घेतलेला होता, तो सांगितलाही होता. पण तो बजावण्याचा अधिकार त्यांच्याजवळ नव्हता.

१९५३ मध्यें तेनझिंग नोर्गे आणि हिलरी एव्हरेस्टवर गेले तेव्हां तेनझिंग हा सरदार होता आणि आरोहकांच्या तुकडींतही होता. ऋत्विज आणि यजमान हा भेद प्रथमच पुसट झाला. लगेच काठमांडूस प्रश्न निघाला, पहिलें पाऊल कोणाचें? पाकार आणि बाल्मा यांचा तंटा १६७ वर्षांनीं पुन्हा उभा राहिला. परंतु या वेळीं दोघांनीं आपण जवळजवळ एकदमच पोहोंचल्याचें निवेदन सहीनिशीं केलें, आणि १९५५ च्या आत्मकथनांत तेनझिंगनें हिलरी पुढें होता असें स्वतःच सांगून टाकिलें. बाल्मास जें साधलें नाहीं तें तेनझिंगास साधलें. त्याची सही कोऱ्या कागदावर नव्हती. १९५४ मध्यें दार्जिलिंगास पर्वतारोहण शिक्षणसंस्था निघाली, तेथें तो शिक्षक झाला. देशिक या शब्दाचे दोन्ही अर्थ त्याच्या ठिकाणीं एकत्र आले.

पुढें मोल देऊन एव्हरेस्टवर नेण्याचा उघड धंदा सुरू झाला, आणि १९९० नंतर तो वाढला. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा यांतील नामांकित वाटाड्या. त्याचें मोल १९९६ मध्यें ६५,००० डॉलर होतें. १९९५ मध्यें त्यानें डग हॅन्सन या यजमानास माथ्याच्या थोडें खालून परत फिरविलें. तो निर्णय बरोबर होता, आणि दोघेही वांचले. पुढच्या वर्षीं हॅन्सन पुन्हा आला. १० मे १९९६ रोजीं परत फिरण्याची दुपारची वेळ टळून गेल्यावरही हॉल त्याच्यासाठीं वर थांबला. वादळांत दोघेही गेले. त्या दोन दिवसांत डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून आठ माणसें मेलीं. या वेळीं अधिकार पूर्णपणें वाटाड्याकडे होता. तरीही तो वापरला गेला नाहीं. केवळ अधिकार लिहून दिल्यानें भागत नाहीं असें यावरून दिसतें; एकदां परत फिरविलेला यजमान दुसऱ्यांदा समोर उभा असला म्हणजे वाटाड्याच्या मनावर काय ओझें येतें, तें कोणत्याही करारांत उतरवितां येत नाहीं.

१८ एप्रिल २०१४ रोजीं खुंबूच्या हिमप्रपातावर बर्फ कोसळून १६ नेपाळी कामकरी मेले. सरकारनें प्रथम प्रत्येक कुटुंबास ४०,००० रुपये देऊं केले, तेव्हां शेर्पांनीं त्या हंगामांत वर जाण्याचेंच नाकारिलें, आणि नेपाळच्या बाजूच्या बहुतेक सर्व मोहिमा गुंडाळल्या गेल्या. आमच्या माहितींत, वाटाड्यांनीं सर्वांनीं मिळून नाहीं म्हटल्याचें आणि तें ऐकलें गेल्याचें इतकें मोठें उदाहरण दुसरें नाहीं. शामोनीच्या मदतनिधीस तेव्हां १९३ वर्षें झालीं होतीं.

आमच्या महाराष्ट्रांतूनही या शिखरावर माणसें गेलीं आहेत. १९९८ मध्यें सुरेंद्र चव्हाण, २०१२ मध्यें पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची तुकडी, आणि नंतर अनेक. या मोहिमांचे वृत्तांत ज्यांच्याकडे असतील त्यांस आमची विनंती आहे कीं, बरोबरच्या शेर्पांचीं पूर्ण नांवें, गांवें, ठरलेलें मोल, आणि वाटेंत कोणीं कोणास काय म्हटलें हें आजच टिपून ठेवावें. मोल हा शब्द मुद्दाम घातला आहे. यजमान शिखरावर पोहोंचल्यास शेर्पाला ठरलेल्या मजुरीवर वेगळें बक्षीस द्यावयाचें, असा रिवाज एव्हरेस्टवर रूढ आहे. अर्ध्या वाटेवरून परत आणिल्यास तें सहसा मिळत नाहीं. सोस्यूरनें १७६० मध्यें बक्षीसही सांगितलें होतें आणि निष्फळ दिवसांची मजुरीही. त्यांतील बक्षीस राहिलें. मजुरी देणारे यजमान आहेत, पण बक्षिसाइतकीच रक्कम परत फिरल्याबद्दल देणारा करार एखाद्या वाचकाच्या पाहण्यांत आला असेल, तर तो आम्हांस अवश्य दाखवावा.